रिटायर होऊन मालागाला जायचंय? आधी एक जानेवारी तिथे काढून बघा

काका, तुमचा प्रश्न सगळ्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत मांडते. तुम्ही 64, काकू 61, पुण्यात राहता, बँकेतून रिटायर, पेन्शन चालू, एक फ्लॅट भाड्याने दिलाय, बाकी एफडी. मुलगी-जावई डब्लिनला. तिकडच्या ओल्या थंडीत काकूंचे गुडघे कुरकुरायला लागले, मग कोणीतरी सांगितलं की स्पेनमध्ये मालागाला वर्षाचे तीनशे दिवस ऊन असतं, डब्लिनहून विमानाने तीन तास, तिकीट स्वस्त, जा आणि राहा. आता तुम्ही विचारताय की कायमचं जावं का, घर घेऊन टाकावं का, व्हिसा कोणता, आणि शाकाहारी माणूस तिथे जगतो का.

मी मालागा प्रांतातच राहते आणि गेस्तोरियात काम करते. गेस्तोरिया म्हणजे आपल्याकडचा आरटीओ एजंट, टॅक्सवाला आणि स्टॅम्पपेपरवाला एकाच टेबलाशी बसवला तर जे होईल ते. ब्रिटिश, डच, फिनिश रिटायर मंडळींचे कागद रोज हातात असतात, भारतीय कमी पण येतात. त्यामुळे सरळ सांगते, कायमचं जाऊ नका, निदान आत्ता तरी नाही, आणि घर तर अजिबात घेऊ नका. हिवाळ्यात अडीच-पावणेतीन महिने भाड्याने राहून या. तुमच्या केसमध्ये नडणार आहे तो व्हिसा नाही आणि घरभाडंही नाही, नडणार आहे टॅक्स. त्यावर येतेच, पण आधी उन्हाचं बघू कारण सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

ऊन आहे, खोटं नाही. जानेवारीत दुपारी सोळा-सतरा डिग्री, आकाश निळंभोर, लोक बाहेर खुर्च्या टाकून कॉफी पितायत. पण रात्री सात-आठ डिग्रीपर्यंत उतरतं आणि मुख्य म्हणजे घरं थंडीसाठी बांधलेलीच नाहीत. खाली टाइल्स, भिंती पातळ, खिडक्या एकेरी काचेच्या, सेंट्रल हीटिंग बहुतेक जुन्या बिल्डिंगमध्ये नाहीच. डब्लिनला बाहेर थंडी असते पण घरात शिरलात की उबदार, इथे उलटं, बाहेर गॅलरीत स्वेटर काढावा लागतो आणि आत येऊन परत घालावा लागतो. त्यात समुद्राची दमट हवा, कपाटामागे बुरशी येते. इथली जुनी माणसं काय करतात तर मेसा कामिया म्हणून एक गोल टेबल असतं, त्याच्यावर जमिनीपर्यंत येणारं जाड कापड, खाली इलेक्ट्रिक शेगडी, आणि सगळे त्या कापडात पाय घालून टीव्ही बघत बसतात, पाय भाजतात आणि पाठ गारठते. काकूंच्या गुडघ्यांना ही व्यवस्था खरं तर मानवेल, पण अंघोळीला जायचं तर ते टेबल बरोबर येत नाही.

म्हणून घर बघताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, पहिला प्रश्न दक्षिणेकडे तोंड आहे का. समुद्र बहुतेक दक्षिणेलाच आहे त्यामुळे पुढच्या बाजूच्या फ्लॅटला दोन्ही मिळतं, पण त्याच बिल्डिंगच्या मागच्या बाजूचा फ्लॅट स्वस्त असतो आणि लोक तोच घेतात, मग डिसेंबर ते फेब्रुवारी घरात उन्हाची तिरीपसुद्धा नाही. दुसरा प्रश्न एसी गरम हवा देतो का. आणि तिसरा, जो कोणी विचारत नाही, विजेचं कनेक्शन किती किलोवॅटचं आहे. बऱ्याच जुन्या घरांत 3.45 किलोवॅट असतं, त्यात हीटर, गीझर आणि शेगडी एकदम लावलं की फट्कन सगळं बंद, मग अंधारात चाचपडत फ्यूजबोर्ड शोधायचा.

उन्हाळ्याचं दुसरं टोक. एरवी जुलै-ऑगस्टला तीस-एकतीस, पुण्याच्या एप्रिलपुढे काहीच नाही. पण तेर्राल नावाचा वारा आहे, तो डोंगराकडून समुद्राकडे वाहतो, कोरडा, भट्टीसारखा, आला की चाळिशी गाठतो आणि रात्रीसुद्धा उतरत नाही. गंमत म्हणजे त्याच दिवसांत समुद्राचं पाणी बर्फासारखं होतं कारण वारा वरचं कोमट पाणी लोटून देतो आणि खालचं थंड वर येतं. शिवाय ऑगस्ट म्हणजे फेरिया, शहराची जत्रा, रस्त्यावर गर्दी, रात्रभर आवाज, घरभाडं हिवाळ्याच्या कितीतरी पट. तुम्हाला त्या वेळी तिथे असायचं काही कारणच नाही.

आणि ऊन-ऊन करताना पाऊस विसरू नका. 2023-24 ला इतका दुष्काळ होता की बीचवरचे शॉवर बंद केले होते आणि त्यानंतर नोव्हेंबर 2024 मध्ये एवढा पाऊस पडला की मालागात रेड अलर्ट, रस्त्यांवर पाणी. त्याच्या दोनच आठवडे आधी व्हॅलेन्सियाच्या बाजूला पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. गावातून जाणारी ग्वादालमेदिना नदी वर्षभर कोरडी ठणठणीत, मुलं तिथे खेळतात, त्यामुळे नवीन माणसाला ती नदी वाटतच नाही. तळमजल्यावरचं घर कितीही सोयीचं वाटलं तरी आजूबाजूला कोरडा ओढा आहे का ते पायी फिरून बघा, इथे असे ओढे खूप आहेत.

आता व्हिसा. लोकांच्या डोक्यात अजून गोल्डन व्हिसा असतो, पाच लाख युरोचं घर घ्या आणि राहा, तो 3 एप्रिल 2025 पासून बंद झालाय, कोणी एजंट अजून विकत असेल तर फोन ठेवून द्या. घर घेतल्याने राहण्याचा कसलाही हक्क मिळत नाही हे दहा वेळा लिहिलं तरी कमी आहे. उरतो तो नॉन-लुक्रेटिव्ह व्हिसा, म्हणजे काम न करता स्वतःच्या पैशावर राहणाऱ्यांचा. त्याची अट इप्रेम नावाच्या सरकारी आकड्यावर चालते, तो 2023 पासून महिना 600 युरो धरतायत, मुख्य अर्जदाराला त्याच्या चौपट आणि जोडीदाराला एक पट. म्हणजे वर्षाला 28,800 अधिक 7,200, दोघांचे मिळून 36,000 युरो. एक युरो शंभर रुपयांचा धरला तरी छत्तीस लाख. पेन्शन आणि भाडं मिळून एवढं होत नसेल तर एफडी आणि शिल्लक दाखवता येते, पण ती मोकळी रक्कम पाहिजे, राहता फ्लॅट त्यात धरत नाहीत. पहिला परवाना एक वर्षाचा, मग नूतनीकरण दोन-दोन वर्षांचं, आणि नूतनीकरणाला दोन वर्षांचे पैसे दाखवायचे, म्हणजे आकडा दुप्पट. रिमोट काम, सल्लागारी, ऑनलाइन शिकवणी, काहीही चालत नाही.

कागदांत आपल्या पिढीची माणसं हमखास एका ठिकाणी अडकतात, लग्नाचा दाखला. 80 च्या दशकात लग्न केलेल्या कितीतरी जोडप्यांकडे पत्रिका आहे, अल्बम आहे, कार्यालयाची पावतीसुद्धा आहे, दाखला नाही. महापालिकेत आता नोंदणी करता येते, पण मग त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का, मग स्पॅनिशमध्ये सरकारमान्य अनुवादकाकडून भाषांतर, यात महिने जातात. पोलीस क्लिअरन्सचंही तेच, अपॉस्टिल आणि भाषांतर. दुसरी अडचण मधल्या नावाची. इथे प्रत्येकाला दोन आडनावं असतात, एक वडिलांकडचं एक आईकडचं, त्यामुळे पासपोर्टवर काकूंचं नाव-नवऱ्याचं नाव-आडनाव असं दिसलं की समोरचा क्लार्क नवऱ्याचं नाव पहिलं आडनाव म्हणून टाकून मोकळा होतो. मग कार्डावर एक, बँकेत दुसरं, इन्शुरन्सवर तिसरं. प्रत्येक फॉर्म त्याच्यासमोर उभं राहून वाचा, लाजू नका.

बरं, समजा पैसे आहेत, दाखला आहे, व्हिसा मिळाला. आता टॅक्स, आणि हे नीट वाचा कारण ह्याबद्दल कोणी सांगत नाही. कॅलेंडर वर्षात 183 दिवसांपेक्षा जास्त स्पेनमध्ये राहिलात की तुम्ही स्पेनचे टॅक्स रेसिडेंट, आणि मग जगभरातलं उत्पन्न तिथे दाखवायचं, पुण्याच्या फ्लॅटचं भाडं, एफडीचं व्याज, शेअर विकले तर नफा, सगळं. दुहेरी कर टाळण्याचा करार भारत-स्पेनमध्ये आहे, त्यामुळे भारतात भरलेला टॅक्स वजा मिळतो, पण स्पेनचा दर जास्त पडला तर फरक भरायचाच. सरकारी नोकरीचं पेन्शन आणि इतर पेन्शन यांना करारात वेगवेगळी कलमं आहेत, तुमचं बँकेचं पेन्शन कशात बसतं हे आधी एखाद्या सीएला आणि इथल्या टॅक्स सल्लागाराला दोघांनाही विचारा, एकाला विचारून चालत नाही. आणि भारतात करमुक्त आहे म्हणजे स्पेनमध्येही करमुक्त असं नसतं. पीपीएफचं व्याज आपण टॅक्स-फ्री म्हणून विसरून जातो, इथला अधिकारी त्याला साधं व्याज म्हणून बघू शकतो.

वर मोदेलो 720 म्हणून एक फॉर्म आहे. परदेशातली बँक खाती, गुंतवणूक, स्थावर मालमत्ता, या तीन गटांपैकी कुठल्याही गटात 50,000 युरोच्या वर असेल तर 31 मार्चपर्यंत कळवायचं. टॅक्स नाही, फक्त माहिती, पण न दिल्यास दंड. फ्लॅटची आजची नाही तर खरेदीची किंमत धरतात, पण पन्नास हजार युरो म्हणजे साधारण पन्नास लाख, बँकेतली खाती आणि एफडी मिळून एवढं होत असेल तर तुम्ही त्या फॉर्ममध्ये आलातच. एक बरं आहे, अंदालुसियात, म्हणजे मालागा ज्या राज्यात येतं तिथे, संपत्ती कर 2022 पासून शंभर टक्के माफ आहे, फार मोठ्या श्रीमंतांचं वेगळं, आपल्याला त्याची काळजी नाही. पण हिशोबाची कटकट बघा, आपलं आर्थिक वर्ष एप्रिल-मार्च, त्यांचं जानेवारी-डिसेंबर, रिटर्न एप्रिल ते जून, दोन देशांत दोन सल्लागार, दोघांच्या फिया, आणि पैसे पाठवताना बँक दहा लाखांवरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते, ते नंतर रिटर्नमध्ये जमा मिळतं पण तोवर अडकून पडतं. कायमचे आलात तर भारतातली बचत खाती एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांची, करावी लागतात ते वेगळंच. माझ्यासमोर बसलेली बरीच जोडपी घरभाडं, वाणसामान, विमान सगळं पैशापैशापर्यंत लिहून आणतात आणि ह्या रकान्यात शून्य असतं.

आता तुमचं डब्लिन. इथे बहुतेक सगळे गोंधळतात. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही. म्हणजे स्पेनचं रेसिडेन्स कार्ड हातात असलं तरी डब्लिनला जायला आयरिश व्हिसा लागतोच, मुलगी तिथे असली तरी. ज्या कारणासाठी तुम्ही मालागा निवडलं, की लेकीकडे कधीही उठून जाता येईल, ते कारणच इथे टिकत नाही, फ्लाइट तीन तासांची आहे पण व्हिसाची फाइल तीच मुंबई-दिल्लीची असते तशी.

पण ह्याचीच दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. शेंगेन टुरिस्ट व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, आणि डब्लिनचे दिवस त्यात धरले जात नाहीत. त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं: जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मालागा, मार्चच्या शेवटापर्यंत पंच्याऐंशी दिवसांच्या आत बाहेर. मग पुणे. जून-जुलैमध्ये डब्लिनची हवा जरा माणसात येते तेव्हा आयरिश व्हिजिटर व्हिसावर लेकीकडे. गणपतीच्या आधी परत पुणे, गणपती-दिवाळी घरी. वर्षाचे दोनशेच्या आसपास दिवस भारतात होतात, टॅक्स रेसिडेंट भारताचेच राहता, मोदेलो 720 नाही, एनआरओ नाही, दोन सीए नाहीत. आणि एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नियम सैल झालाय, तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री मिळू शकतो आणि मग पाच वर्षांचा. दिवस मात्र मोजून राहा, आता शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि फोटोवर नोंद होते, मशीन दिवस मोजतं, त्याच्याशी वाद घालता येत नाही. नव्वदाव्या दिवसापर्यंत ताणू नका, फ्लाइट रद्द झाली की पंचाईत.

राहायचं कुठे. तुम्ही मालागा शहराचा मध्यभाग म्हणताय, मी नाही म्हणेन. पिकासोचा जन्म झालेला चौक, आल्कासाबा किल्ला, लारिओस रस्ता, आठवडाभर फिरायला झकास, पण तीन महिने झोपायला नाही, खाली बार आणि वर टुरिस्ट फ्लॅट, रात्री दोनला चाकांच्या बॅगा दगडी रस्त्यावरून खडखडत जातात. शहरातल्या लोकांनाच घरं मिळेनाशी झालीयत, जून 2024 मध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरले होते ह्यासाठी, आणि 2025 च्या सुरुवातीला महापालिकेने बऱ्याच वस्त्यांत नवे टुरिस्ट फ्लॅट थांबवले. तो राग रास्त आहे. भाड्याने घ्याल ते कायदेशीर, नोंदणी क्रमांक असलेलं घ्या, आणि शेजाऱ्याला लिफ्टमध्ये बुएनोस दियास म्हणा, एवढ्यानेही फरक पडतो.

शहरातच हवं असेल तर पश्चिमेकडचा हुएलिन भाग बघा, सपाट, समुद्राला लागून, बाजार जवळ, आणि आजूबाजूला साधी माणसं राहतात. पूर्वेकडे पेद्रेगालेहो सुंदर आहे, जुनी कोळीवस्ती, बीचवर जुन्या होड्यांत वाळू भरून त्यात लाकडं पेटवतात आणि काठीला टोचलेल्या सार्डिन्स त्या आगीशेजारी तिरप्या रोवून भाजतात, त्याला एस्पेतो म्हणतात, मासे खाणाऱ्या पाहुण्यांना तिथे न्या. जवळचा लिमोनार मात्र चढावर आहे, फोटोत चढ दिसत नाही. पण तुम्हा दोघांसाठी माझं मत फुएन्हिरोलाला. फॅशनेबल नाही, उंच उंच बिल्डिंगांची रांग आहे, चित्रातल्यासारखं पांढरं गाव बघायला आलेले नाक मुरडतात. पण सात-एक किलोमीटरचा सलग सपाट समुद्रकाठ, दर थोड्या अंतरावर बाक, लोकल ट्रेन थेट विमानतळावरून येते आणि पाऊण तासात मालागा. हिवाळ्यात फिनलंडचे म्हातारे-म्हाताऱ्या एवढे असतात की काही दुकानांच्या पाट्या फिनिशमध्ये आहेत. बेनालमादेनाचं वरचं गाव गोड आहे पण डोंगरावर, दूध आणायला गेलं तरी चढ. घर कुठेही घ्या, लिफ्ट आहे का विचारा आणि लिफ्ट रस्त्याच्या पातळीला थांबते का तेही विचारा, कितीतरी जुन्या बिल्डिंगांत आधी आठ-दहा पायऱ्या चढल्यावर लिफ्ट येते.

हिवाळ्याच्या भाड्याला आल्किलेर दे तेंपोरादा म्हणतात, मालक नोव्हेंबर ते मार्च महिन्यावर देतात आणि उन्हाळ्यात आठवड्यावर टुरिस्टला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शोधायला लागा. घर न बघता संपूर्ण रक्कम आधी पाठवू नका, पहिले चार-पाच दिवस हॉटेलात राहून प्रत्यक्ष बघा, आणि शक्यतो संध्याकाळी बघा, म्हणजे ऊन गेल्यावर घर किती गार पडतं ते कळतं. लांबच्या भाडेकराराचे कायदे चांगले आहेत, पाच वर्षांचं संरक्षण वगैरे, पण ते मिळवायला मालक पगारपत्रक मागतो आणि रिटायर परदेशी माणसाकडे ते नसतं, कितीही एफडी दाखवा त्याच्या इन्शुरन्स कंपनीला ते समजत नाही.

विकत घेण्याबद्दल एवढंच, अंदालुसियात जुन्या घरावर 7 टक्के कर, नव्यावर 10 टक्के व्हॅट आणि वर स्टॅम्पड्युटी, वकील, नोटरी धरून किमतीवर दहा-बारा टक्के जास्त धरा. कधी घ्यायचंच झालं तर रजिस्ट्रीतून नोता सिंप्ले काढा, घरावर कर्ज आहे का ते त्यात कळतं, आणि सोसायटीची थकबाकी नाही असं पत्र घ्या. बयाणा साधारण दहा टक्के असतो, तुम्ही माघार घेतली तर तो गेला, मालकाने घेतली तर दुप्पट परत.

तब्येत. तीन महिन्यांच्या व्हिसाला 30,000 युरो कव्हरचा प्रवास इन्शुरन्स लागतो, पण त्यात आधीपासूनचे आजार बहुतेक वगळलेले असतात, बीपी-शुगर असेल तर ते कलम मोठ्याने वाचून घ्या. गोळ्या तीन महिन्यांच्या सोबत, आणि चिठ्ठीवर ब्रँडचं नाही तर औषधाचं मूळ नाव लिहून आणा, इथला फार्मसीवाला ते लगेच ओळखतो. कायमचे आलात तर खाजगी इन्शुरन्स पूर्ण वर्षाचा, बिलात स्वतःचा कुठलाही हिस्सा न भरावा लागणारा हवा, आणि साठीनंतर तो महाग होत जातो, सत्तरीपुढे नवीन पॉलिसी मिळणंच अवघड. एक वर्ष नोंदणीकृत राहिल्यावर पैसे भरून सरकारी व्यवस्थेत जाता येतं, 65 च्या आत महिना 60 युरो, पुढे 157, ही सोय चांगली आहे पण पहिलं वर्ष काढायचं असतं. इमर्जन्सीला 112.

आता जेवण, काकूंचा प्रश्न. शाकाहारी म्हटलं की वेटर मान डोलावतो आणि सॅलडवर टूना घालून आणतो. हॅम तर मांसात मोजतच नाहीत, पालेभाजीत, वाटाण्यात, सूपवर भुरभुरलेलं. कार्ने, म्हणजे मांस, नको म्हणून भागत नाही, नी कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, हॅमही नाही, असं तिन्ही म्हणायचं. क्रोकेतास, म्हणजे कटलेटसारखे तळलेले गोळे, आत काय आहे ते विचारल्याशिवाय खाऊ नका. पण बाजारात गेलात की चित्र बदलतं. चण्याचं पीठ सुपरमार्केटमध्ये सरळ मिळतं, इकडे मासे तळायला वापरतात, आपलं पिठलं त्यात व्यवस्थित होतं. छोले, मसूर, राजमा काचेच्या बरण्यांत शिजवलेले. मालागाचं आहोब्लांको म्हणून बदाम-लसणाचं गार सूप आहे, पूर्ण शाकाहारी. आणि बेरेनहेनास कोन मियेल, म्हणजे वांग्याचे कुरकुरीत काप आणि वर चक्क काकवी. खोटं नाही, जवळच फ्रिहिलियाना गावात उसाच्या रसापासून ती अजून बनवतात. काकू पहिल्याच घासाला ओळखतील.

जानेवारीत आलात तर सीताफळाची चुलतबहीण चिरीमोया बाजारात असते, शेजारच्या ग्रानादाच्या किनाऱ्यावर पिकते, बिया कमी आणि गर जास्त. आंबेही होतात ह्या भागात, पण ते सप्टेंबर-ऑक्टोबरला, आणि हापूसच्या आठवणीने खायला गेलात तर चिडचिड होईल, वेगळं फळ समजून खा. कोथिंबीर, हिरव्या मिरच्या मोरोक्कन किंवा पाकिस्तानी-बांगलादेशी दुकानांत, पोहे, तूरडाळ तिथेच. सिंधी कुटुंबं ह्या किनाऱ्यावर आणि जिब्राल्टरला पिढ्यान् पिढ्या व्यापारात आहेत, त्यामुळे भारतीय चेहरा कोणाला नवीन नाही. मराठी माणसं म्हणाल तर थोडी, बहुतेक आयटीतली तरुण मुलं. गप्पांना काकूंना शेजारी लागत असेल तर ती बाजू खरोखर विचारात घ्या, भाषा येत नसताना तिसऱ्या आठवड्यात घर खायला उठतं. महापालिका आणि स्वयंसेवी संस्था स्पॅनिशचे साधे वर्ग घेतात, नाव घाला, व्याकरणासाठी नाही, सकाळी अकराला कुठेतरी जायला मिळावं म्हणून. आणि कॉफी मागायला शिका, मालागात दूध किती ह्यावर प्रत्येक कपाला वेगळं नाव आहे, सोलो म्हणजे नुसती, मितात म्हणजे अर्धी-अर्धी, सोंब्रा म्हणजे दूध जास्त, नूबे म्हणजे कॉफीचा नुसता वास. काकूंना नूबे आवडेल, तुम्हाला मितात.

तुम्ही शेवटी विचारलंय कुकर आणावा का. नका आणू, वजनात जातो. इकडे ओया एक्सप्रेस नावाने कुकर घरोघरी असतो, भाड्याच्या घरात बहुतेक वेळा खालच्या कपाटात सापडतो. शेगडी काचेची असते, ती साधी विट्रो आहे की इंडक्शन ते मालकाला आधी विचारून घ्या, साध्या विट्रोवर सपाट बुडाचं कुठलंही भांडं चालतं, इंडक्शनवर आपला ॲल्युमिनियमचा कुकर ढिम्म हलत नाही. लोखंडी तवा मात्र आणा, सपाट बुडाचा, दोन्हीवर चालतो आणि तसा इथे मिळत नाही.